'नकुसा' या नांवाची कुळकथा

हजेरीपटावरील नांवें वर्षारंभीं प्रथम मोठ्यानें वाचण्याचा प्रसंग प्रत्येक अध्यापकावर येतो. आमच्यावर तो गेलीं २७ वर्षें येत आहे. गेल्या वर्षीं प्रथम वर्षाच्या वर्गांत श्रावणी, ऋतुजा, ऐश्वर्या अशीं नांवें वाचीत असतां मध्येंच 'नकुसा' हें नांव आलें आणि मागच्या बांकांवर हंशा पिकला. मुलगी मात्र न बिचकतां उभी राहिली, "हजर" म्हणाली व खालीं बसली. हंसणारांस आम्हीं दटावलें. तास संपल्यावर तिला बोलावून घेतलें आणि, जणूं मोठा उपकार करीत आहों अशा सुरांत, नांव बदलून घेण्याची सरकारी रीत तिला समजावून सांगूं लागलों. तिनें सारें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "सर, राजपत्राचं मला माहीत आहे. पण घरीं ऐकत नाहींत. तीन बहिणींवरची मी. माझ्या पाठीवर भाऊ झाला. घरचे म्हणतात, नांव फळलं. आतां तें बदललं आणि त्याला कांहीं झालं तर? असं म्हणून आई रडायलाच लागते."

या वाक्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तोंवर हें नांव म्हणजे अडाणीपणाचा एक अवशेष, थोड्या शिक्षणानें आपोआप झडून जाणारा, अशी आमची सोयीस्कर समजूत होती. त्या दिवसापासून आम्ही या नांवाचा माग काढीत आहों, आणि त्यासंबंधीं सुशिक्षितांत जीं मतें चालू आहेत तीं एकेक करून आम्हांस खोटीं वाटूं लागलीं आहेत. प्रस्तुत लेख त्या मतांच्या विरुद्ध आहे. आमच्या स्वतःच्या जुन्या मताच्याही विरुद्ध आहे.

प्रथम शब्दाचें पाहूं. 'नको' या शब्दास 'सा' हा प्रत्यय लागून 'नकोसा' हें विशेषण होतें. त्याचें स्त्रीलिंगी रूप 'नकोशी'. उन्हाळा नकोसा होतो, दुखणेकऱ्याला अन्न नकोसें होतें, तशीच मुलगी नकोशी होते. बोलण्याच्या ओघांत 'नकोशी'ची 'नकुशी' झाली, आणि उषा, रमा, मैना या आकारान्त नांवांच्या पंक्तींत तिला बसविण्यासाठीं कीं काय, तिचीच 'नकुसा' झाली. पुढें वय वाढल्यावर मानासाठीं 'बाई' लागली व नकुसाबाई झाली. नकोशीलाही 'बाई' लावून हांक मारणारी आमची भाषा सभ्य आहे, यांत शंका नाहीं!

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत मुलींच्या नांवांविषयीं नियम आहेत. नांव उच्चारास सोपें असावें, क्रूर अर्थाचें नसावें, त्याचा अर्थ स्पष्ट असावा, तें मनोहर, मंगल, दीर्घ स्वरानें संपणारें आणि आशीर्वाद सुचविणारें असावें. 'नकुसा' हें नांव या कसोटीला लावून पाहावें. उच्चारास तें सोपें आहे. अर्थ इतका स्पष्ट कीं कोश उघडण्याची जरूर नाहीं. शेवटचा स्वरही दीर्घ आहे. सातांपैकीं तीन कलमें पार पडलीं, राहिलीं तीं काय तीं चार! पण त्याच स्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत नक्षत्र, वृक्ष, नदी, पक्षी यांचीं नांवें धारण करणारी वधू वर्ज्य सांगितली आहे, आणि तरीही महाराष्ट्रांत घरोघर रोहिणी, तुळसा, गोदावरी, यमुना, मैना नांदल्या, त्यांचीं लग्नें थाटानें झालीं. यावरून इतकें दिसतें कीं, मुलीचें नांव ठेवतांना आमचा समाज शास्त्राला विचारीत बसला नाहीं. त्याच्या मनांत जें आलें तें त्यानें ठेवलें. म्हणून 'नकुसा'चें खापर कोणी मनूच्या माथ्यावर फोडूं नये. मनूच्या माथ्यावर फोडण्याजोगीं दुसरीं खापरें पुष्कळ आहेत. हें नांव आमचें स्वतःचें कर्तृत्व आहे.

आतां पहिल्या प्रतिपक्षाकडे वळूं. लोकाचारांचा अभ्यास करणारे आमचे कांहीं विद्वान स्नेही म्हणतात कीं, यांत विशेष असें कांहीं नाहीं; मूल जगत नसलें कीं पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा, भिकू असें हलकें नांव ठेवावें, म्हणजे दृष्ट लावणाराची नजर आणि यमाचा हात त्याच्याकडे वळत नाहीं, ही समजूत सर्वत्र आहे, व 'नकुसा' हें त्याच जातीचें नांव आहे. रीतीचें प्राचीनत्व दाखविण्यासाठीं ते ऐतरेय ब्राह्मणांतील अजीगर्ताच्या मुलांचा दाखला देतात. त्याचे तीन मुलगे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलाङ्गूल. तिन्ही नांवांचा अर्थ कुत्र्याचें शेपूट! आणि शेवटीं पुस्ती जोडतात कीं, अशा नांवांचा अर्थ वापरानें झिजून जातो. धोंडो केशव कर्वे या नांवांतील धोंडा कोणाला टोचतो?

टोचत नाहीं, हें खरेंच. त्या धोंडोपंतांनीं १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ उभारलें, आणि त्या नांवापुढें आमची मान आपोआप लवते. पण या युक्तिवादांत दोन अगदीं उलट गोष्टी एका दावणीला बांधल्या आहेत. दगडू हें नांव ठेवणारी आई यमाला फसवीत असते. तोंडानें ती म्हणते 'हा नुसता दगड आहे, नेऊन काय करशील?' आणि पोटांत म्हणते 'हा माझा जीव आहे, याला हात लावूं नको.' त्या नांवाच्या वरच्या बाजूस तिरस्कार आहे आणि आंतून अस्तर मायेचें आहे. 'नकुसा'ला अस्तरच नाहीं. वरून जें लिहिलें तेंच आंत आहे. आणि आमच्या विद्वान मित्रांनीं एक गोष्ट लक्षांतच घेतली नाहीं: मुलींसाठींही तसलीं संरक्षक नांवें त्याच गांवांत होतीं व आहेत. दगडाबाई, धोंडूबाई, भिकाबाई हीं नांवें कोणीं ऐकलीं नाहींत? जी मुलगी जगावी असें वाटत होतें तिच्यासाठीं गांवापाशीं दगडही होता, धोंडाही होता. 'नकुसा' हा शब्द त्यानें वेगळ्या प्रसंगासाठीं राखून ठेवला.

तो प्रसंग कोणता? आमच्याकडे मूल जन्मल्यावर सटवाई येऊन त्याच्या कपाळीं लेख लिहिते अशी समजूत आहे. तिच्यासाठीं कोरा कागद व लेखणी मांडून ठेवतात. पुढें बाराव्या दिवशीं बारसें होतें. तिसऱ्या-चौथ्या मुलीच्या बारशाला जें 'नकुसा' नांव ठेवलें जातें तें आमच्या मतें त्या लेखाला दिलेला जबाब आहे: आम्हीं मागितलें होतें तें हें नव्हे, पुढच्या खेपेस चूक करूं नये. म्हणजे हें नांव त्या मुलीला उद्देशून नाहींच. अजून जन्मास न आलेल्या भावासंबंधींचा तो अर्ज आहे, आणि ज्या कागदावर तो अर्ज लिहिला तो कागद म्हणजे ती मुलगी. एवढें समजल्यावर आमच्या विद्यार्थिनीच्या आईचें रडणें आम्हांस समजलें. अर्ज मंजूर झाला, मुलगा मिळाला. आतां अर्जाचा कागदच फाडून टाकला तर दिलेलें परत घेतलें जाईल, अशी तिला भीति वाटते. हिला अडाणीपणा म्हणून मोकळें होतां येत नाहीं. त्या कल्पनेच्या चौकटींत ती बाई तर्कशुद्ध बोलत आहे. चौकटच भयंकर आहे.

अजीगर्ताचा दाखला मित्रांनीं दिलाच आहे, तर त्याच कथेंतील आणखी एक जागा त्यांनीं पाहावी. पुत्र नसलेल्या हरिश्चंद्राला नारद पुत्राचें माहात्म्य सांगतो. त्यांत बायको ही सखी, मुलगी हें दैन्य, आणि मुलगा हा परम आकाशांतील प्रकाश, असें तो म्हणतो. पुत्राच्या या प्रकाशासाठीं पुढें काय झालें? हरिश्चंद्राच्या मुलाऐवजीं बळी देण्यास दुसऱ्याचा मुलगा शोधला गेला, आणि अजीगर्तानें आपला मधला मुलगा शंभर गाईंना विकला. उलट बृहदारण्यक उपनिषदांत पंडिता कन्या व्हावी असें ज्याला वाटेल त्यानें पतिपत्नींनीं तीळ व तांदूळ तुपाबरोबर खावे, असा विधि स्पष्ट सांगितला आहे. म्हणजे मुलगी मागण्याचीही रीत होती! भाष्यकार शंकराचार्यांनीं मात्र तेथें खुलासा केला कीं, मुलीचें पांडित्य म्हणजे घरकामाविषयींचें, कारण वेदाचा तिला अधिकार नाहीं. हव्याशा मुलीच्या हवेपणालाही कात्री कशी लागते, हें पाहण्यास ही जागा चांगली आहे.

दुसरा प्रतिपक्ष अर्थशास्त्र जाणणारांचा. दारिद्र्य आणि हुंडा यांमुळें बिचाऱ्या आईबापांस मुलगी भार वाटते, दारिद्र्य हटलें कीं नांवही हटेल, असें ते सांगतात. आम्ही त्यांना तेराव्या शतकांतील एका घरांत नेऊं इच्छितों. संन्यास सोडून पुन्हां संसारांत आलेला बाप, समाजानें वाळींत टाकलेलें कुटुंब, भिक्षेवर गुजराण, मुलांच्या मुंजीही होण्याची पंचाईत. त्या घरीं तीन मुलांवर चौथें अपत्य मुलगी झालें. मुलांचीं नांवें निवृत्ति, ज्ञानदेव आणि सोपान. मुलीचें नांव मुक्ता. साधनेच्या वाटेनें चालत गेल्यावर शेवटीं जें मिळावयाचें त्याचें नांव त्या विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंनीं शेवटच्या मुलीला दिलें. 'आतां पुरे' असें त्यांच्या मनांत क्षणभर आलें नसेल, असें आम्ही म्हणत नाहीं. पण आलें असलें तरी तें नांवांत उतरलें नाहीं. आणि त्या मुक्तेनें पुढें दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला ताटीच्या अभंगांतून चार शब्द सुनावले, हें सर्वांस ठाऊक आहे. संतांची गोष्ट वेगळी, असें कोणी म्हणेल. तर मग चोखोबांच्या घरांत पाहावें. जेथें देवळाची पायरी चढण्याचीही बंदी होती तेथें बायकोचें नांव सोयरा आणि बहिणीचें निर्मळा. दारिद्र्य व अपमान यांचा इतका भार दुसऱ्या कोणत्या घरावर होता? दारिद्र्यानें पोटाला चिमटा बसतो. नांव ठेवण्याची जीभ दारिद्र्यानें सडत नाहीं.

ही जीभ केवळ महाराष्ट्राची आहे, असा कोणाचा समज असल्यास तोही जावा. बंगाल्यांत 'आन्नाकाली' हें नांव आहे, म्हणजे 'आणखी नको, काली'. तमिळ मुलुखांत 'वेण्डाम', म्हणजे सरळच 'नको'. राजस्थानांत 'धापू', पोट भरलें या अर्थीं. हरियाणांत 'भतेरी', म्हणजे पुष्कळ झालें. भाषांची सरहद्द ओलांडली कीं आमचे रीतिरिवाज बदलतात, पोशाख बदलतो, भाताचा प्रकार बदलतो. पण बारशाच्या दिवशीं देवाला करावयाची ही तक्रार बदलत नाहीं.

आतां सुधारकांविषयीं. २२ ऑक्टोबर २०११ रोजीं सातारा येथें जिल्हा परिषदेच्या पुढाकारानें एक समारंभ झाला. जिल्ह्यांतील या नांवाच्या २८५ मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं. प्रत्येकीला नव्या नांवाचें प्रमाणपत्र आणि फुलें मिळालीं. देशोदेशींच्या वृत्तपत्रांनीं ती हकीकत छापली. आम्ही त्या उपक्रमाची थट्टा करणार नाहीं. शाळेच्या पटावर रोज उठून 'नको आहेस' असें ऐकण्याची शिक्षा ज्या मुलींची संपली त्यांना विचारावें म्हणजे त्याची किंमत कळेल. परंतु प्रमाणपत्र कोणाच्या हातीं दिलें, हें लक्षांत घ्या. मुलीच्या. ज्या एका व्यक्तीनें या प्रकरणांत कांहींच केलें नव्हतें तिला व्यासपीठावर बोलावून सुधारल्याचा दाखला दिला गेला. नांव ज्यांनीं ठेवलें त्यांनीं तेथें उभें राहून चार लोकांसमोर 'आमची ही मुलगी आम्हांला हवी आहे' एवढें एक वाक्य उच्चारावें, अशी अट आम्हीं घातली असती. प्रमाणपत्र मग त्यांना द्यावयाचें. सरकारची रीत तर याहून कोरडी आहे. अर्ज करावयाचा तिनें, पैसे भरावयाचे तिनें, आणि राजपत्रांत आपलें जुनें नांव व नवें नांव शेजारीं शेजारीं छापून घ्यावयाचें, म्हणजे ज्यांस ठाऊक नव्हतें त्यांसही तें कळेल!

आणि ही गोष्ट दिवसेंदिवस अवघड होत चालली आहे. पूर्वीं गांवचा एखादा शहाणा मास्तर शाळेंत नांव घालतांना 'नकुसा' ऐकून 'सुनंदा' लिहीत असे, व बाप कांहीं म्हणत नसे. आतां १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें, त्या दिवसापासून पुढें जन्मलेल्या प्रत्येकाला शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो. व्यवस्था म्हणून तें ठीक आहे. पण मास्तरांची ती दयाळू खोडी बंद झाली. १९६९ च्या जन्ममृत्यूनोंदणीच्या कायद्याप्रमाणें मुलाची नोंद नांवाशिवाय होऊं शकते व नांव मागाहून घालतां येतें. तेव्हां आमची सूचना अशी आहे कीं, नोंदणी करणाऱ्या कारकुनासमोर 'नकुसा' हें नांव आलें तर त्यानें लेखणी खालीं ठेवावी, बापाला बसावयास सांगावें, चहा पाजावा, आणि नांवाची जागा कोरी ठेवून पुढच्या आठवड्यांत या, असें म्हणावें. यास कायद्याची बंदी नाहीं. फक्त कारकुनाला तसें वाटलें पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण एव्हांना मनांत म्हणत असतील कीं, आमच्या घरांत सात पिढ्यांत नकुसा नाहीं, मग हें आम्हांला कशाला? आमचा खरा वाद त्यांच्याशींच आहे, आणि तो आमच्या स्वतःच्या घरापासून सुरू होतो. आमच्या घरीं नवी सून पायां पडली कीं वडील मंडळी 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' म्हणत. आठ मुलींचा आशीर्वाद कोणीं ऐकला आहे काय? दवाखान्यांतून बातमी आली कीं पहिला प्रश्न 'पेढे कीं बर्फी?' पेढे आले तर तोंडें गोड होतात; बर्फी आली तर 'असूं दे, पहिली बेटी धनाची पेटी' अशी समजूत घातली जाते. समजूत घालावी लागते ती दुःखांतच. आणि दुसरी, तिसरी झाली तर? तिच्यासाठीं मराठींत म्हण नाहीं. तेथें आम्ही सुशिक्षित गप्प राहतों, आणि ज्यांना आमच्यासारखें गप्प राहतां येत नाहीं ते 'नकुसा' म्हणतात.

गप्प राहून आम्ही काय केलें, याचा हिशेब खानेसुमारींत छापलेला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करण्यांत महाराष्ट्राचा पहिला नंबर. तो १९८८ सालीं झाला, देशाचा १९९४ सालीं. आणि सहा वर्षांपर्यंतच्या वयाच्या दर हजार मुलग्यांमागें या राज्यांत मुली किती? १९९१ सालीं ९४६, २००१ सालीं ९१३, २०११ सालीं ८९४. बीड जिल्ह्यांत तर २०११ सालीं हा आंकडा ८०७ होता. ज्या गडचिरोलीला आम्ही बोलतांना मागासलेली म्हणतों तेथें तो ९६१ होता. ज्या मुली या हिशेबांत नाहींत त्या सगळ्या खेड्यांतल्या, अंगठेबहाद्दर आईबापांच्या होत्या काय? सोनोग्राफीचें यंत्र प्रथम कोठें आलें, त्याचे पैसे कोण मोजूं शकत होता, आणि पडद्यावर काय दिसलें तें सांकेतिक शब्दांत सांगणारा डॉक्टर कोणाच्या ओळखीचा होता, याचा ज्यानें त्यानें आपल्याशीं विचार करावा. 'नकुसा' नांव ठेवण्यासाठीं मूल जन्मेपर्यंत थांबावें लागतें. आमच्या वर्गांतील पुष्कळांना तितका धीर नव्हता, आणि थांबण्याची जरूरही नव्हती. म्हणून या नांवाच्या मुली हल्लीं कमी दिसतात असें कोणी आनंदानें सांगूं लागला, तर आम्ही त्याला आधीं एवढेंच विचारूं कीं, नांव कमी झालें कीं मुली?

त्या दृष्टीनें पाहतां आमच्या वर्गांतील ती मुलगी ज्या घरांत वाढली त्या घराविषयीं आम्हांस आदरच वाटूं लागला आहे, हें कबूल केलें पाहिजे. त्यांनीं नांव वाईट ठेवलें; पण मुलगी ठेवली, वाढवली, आणि दोन एसट्या बदलून ती रोज महाविद्यालयांत येईल अशी तजवीज केली. पहिल्या सत्राच्या परीक्षेंत ती वर्गांत दुसरी आली. त्या दिवशीं यादी वाचतांना कोणी हंसलें नाहीं. तिच्या नांवाची जिम्मा आतां ज्यांची त्यांनीं उचलावी, असें वाटून आम्हीं तिच्या वडिलांस सविस्तर पत्र लिहिलें. मुक्ताबाईचा दाखला दिला, नांव बदलल्यानें मुलाला कांहीं होत नाहीं हें समजावून सांगितलें, अर्जाचा खर्चही देऊं केला. पत्राला पत्र आलें नाहीं; पंधरा दिवसांनीं फोन आला. माणूस मोठ्या अदबीनें बोलत होता.

"सर, तुमचं म्हणणं सगळं पटलं बघा. पोरगी हुशार आहे, तिचं नांव चांगलंच पाहिजे. फक्त तेवढं पोराचं लग्न पार पडूं द्या, मग लगेच बदलूं."

तो मुलगा यंदा नववीच्या वर्गांत आहे.